मूठभर जुनं

"वेणूमावशी, आहात का घरी?"

दारात रोशेल उभी होती. तिच्या घरी दोन वर्षं मी "ए वेणू" होते. आज मावशी झाले, आणि वर 'आहात'. मी सुपात सुकट घेऊन कचरा निवडत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "या मॅडम. चप्पल भायेरच ऱ्हाऊ द्या."

आमच्या कोळीवाड्यात तिची गाडी शिरत नाही. बंदर रोडपासून ती चालत आली होती, नाकाला रुमाल लावून. ते बघून मला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू?

ती खुर्चीच्या कडेवर बसली. "नेव्हिल येतोय. चार वर्षांनी त्याला ख्रिसमसला सुट्टी मिळाली. बोटीवरून फोन केला की एकच सांगतो, मला मम्माचा केक पाहिजे."

"मंग करा की. वही तुमच्याकडंच हाय."

"वहीतलं सगळं करते हो. वजन करून करते. पण ती टेस्टच येत नाही."

ती वही माझ्याच अक्षरातली आहे. मिरांडाबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या घरी मी बत्तीस वर्षं काम केलं. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांचा मुलगा नेव्हिल वर्षाचा होता तेव्हा मी कामाला लागले, आणि पहिल्या आठवड्यातच बाईंनी मला ती भरणी, म्हणजे मोठी बरणी, दाखवली. चिनी मातीची, तपकिरी, बुंध्याशी रुंद. तिच्यात मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल, आलेपाक आणि करवंदाचा मुरंबा रममध्ये वर्षभर मुरत असायचा. दर रविवारी लाकडी डावानं तो खालीवर करायचा, हे माझं काम. नेव्हिल उभा राहायला लागल्यापासून दर रविवारी त्या भरणीत नाक घालायचा. पहिल्या रविवारी मी घरी गेले तर माझा नवरा माझे हात हुंगून म्हणाला, "तू बाईकडं कामाला जातस का गुत्त्यावर?"

मी पन्नाशीला आल्यावर बाईंनी मला अक्षरं शिकवली. ओट्यावर मैदा पसरायच्या आणि त्यात बोटानं गिरवून घ्यायच्या. मी लिहिलेला पहिला शब्द 'रम'. बाई म्हणाल्या, दोनच अक्षरं आहेत, काना-मात्रा नाही, शिवाय वस्तू समोर आहे. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा केकची सगळी कृती त्यांनी सांगितली आणि मी लिहून घेतली. एकच गोष्ट त्यांनी लिहायला सांगितली नाही. भरणी कधी पूर्ण रिकामी करायची नाही. तळाशी मूठभर जुनं ठेवायचं आणि नवीन फळं त्याच्यावर ओतायची. बाईंच्या लग्नाच्या वर्षापासून ते विरजण चालत आलं होतं. मी विचारलं, "ह्ये लिवू का?" बाई म्हणाल्या, "हे कशाला लिहायचं? हे तुला ठाऊक आहे."

दोन हजार आठ साली बाई गेल्या. नेव्हिल माती देऊन परत बोटीवर गेला आणि घर रोशेलच्या हाती आलं. बाई आणि मी एकाच किटलीतला चहा एकसारख्या कपांतून प्यायचो. रोशेलनं माझ्यासाठी एक कप वेगळा काढला. निळ्या फुलाचा, काठाचा टवका उडालेला. तो मोरीच्या खिडकीत राहायचा, फिनाईलच्या बाटलीशेजारी. टवक्याची बाजू पलीकडं फिरवायची आणि प्यायचं.

दुसऱ्या वर्षी नाताळ झाल्यावर तिनं साफसफाई काढली. "स्टोअररूममध्ये बारसारखा वास येतो. सगळ्या बरण्या गरम पाणी आणि सोडा घालून घास."

"भरणीपन?"

"मराठीत सांगितलेलं कळत नाही का? सगळं म्हणजे सगळं. तुम्ही लोक काही नीट धूतच नाही."

मी एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं, त्या तळाशी काय आहे ते एका वाक्यात सांगितलं असतं, तर सगळं तिथंच वाचलं असतं. ते वाक्य मी गिळलं. 'तुम्ही लोक' ऐकल्यावर ते वर येईना.

तळातलं मूठभर मी माझ्या कपात काढलं. त्या घरात तेवढं एकच भांडं माझं होतं. वर पिशवीचा तुकडा बांधला आणि भरणी अशी घासली की आतून आरशासारखी झाली.

संध्याकाळी निघाले तर फाटकापाशी रोशेल शेजारणींशी बोलत उभी होती. माझी पिशवी जड दिसली असेल. "दाखव," म्हणाली. सगळ्यांसमोर कप बाहेर काढला, वरचं प्लॅस्टिक सोडलं, हुंगलं.

"हे काय? खरकटं चोरतेस?"

"फेकायचंच व्हतं, मॅडम."

"आणि कप?"

"माजाच हाय ना तो?"

शेजारणी हसल्या. रोशेलही हसली. "ने बाई. त्या कपातून दुसरं कोण पिणार आहे? आणि उद्यापासून येऊ नकोस."

त्या दिवशी मी रडले नाही. घरी येऊन लोणच्याच्या बरणीत ते मूठभर ओतलं, वर मनुका आणि रम घातली आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर तेच दोन अक्षरी नाव लिहिलं, 'रम'. मग वर्षभर दर रविवारी ते ढवळलं. डाव फिरवताना मी देवाचं नाव घेत नव्हते. मी ते फाटक आठवत होते आणि ते हसणारे चेहरे एकेक करून मोजत होते.

आमच्या घरी ओव्हन कुठला? दाऊदभाईंच्या बेकरीत दुपारचे पाव निघाले की भट्टीत मंद धग उरते, तिच्यावर केक भाजायचा. बाईंचेही तिथंच भाजले जायचे. त्या नाताळला माझे टिन भट्टीतून निघाले तेव्हा दाऊदभाई डोळे मिटून म्हणाले, "वेणूबाय, मिरांडा टीचर आल्या बग दुकानात!"

बाई ज्या ज्या घरी केक पाठवायच्या, त्या प्रत्येक घरी मी एक एक तुकडा घेऊन गेले. फाटकापाशी हसलेल्या शेजारणींकडं आधी. "बाईंच्या नावानं हाय," एवढंच म्हणायची आणि दारातच थांबायची. त्यांच्याकडं रोशेलचा केक आदल्याच दिवशी आलेला असायचा. माझा घास तोंडात गेला की त्या गप्प व्हायच्या. ते गप्प झालेलं तोंड बघितल्याशिवाय मी उंबऱ्यावरून हलत नव्हते. पुढच्या वर्षीही तेच केलं. रोशेलला नाताळच्या केकच्या ऑर्डरी यायच्या, त्या थांबल्या, हे मला दाऊदभाईंकडून कळलं, आणि त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

आता ती माझ्या खुर्चीवर बसली होती.

"दाऊदचाचा म्हणाले, त्या दिवशी कपात तुम्ही जे नेलं, त्यातच सगळं होतं."

"दाऊदभाईंच्या तोंडात तीळ भिजत नाय."

"मावशी, मूठभर द्या. माझ्यासाठी नको. नेव्हिलसाठी."

नेव्हिलचं नाव काढलं तेव्हा मी सूप बाजूला सारलं. तो पोर असताना माझ्या बोटावरचं पीठ चाटायचा. मी उठले. "चाय घ्या आधी," म्हणाले आणि फडताळातून तो कप काढला.

तिनं कप बघितला. निळं फूल बघितलं, टवका बघितला. मला वाटलं, आता उठून जाईल. ती गेली नाही. तिनं कप हळूच फिरवला, टवक्याची बाजू पलीकडं केली आणि प्यायली. सगळा चहा प्यायली. मी समोर उभी राहून बघत होते.

कप खाली ठेवून तिनं विचारलं, "देता ना?"

"संपलं," मी म्हणाले.

बरणी खाटेखाली होती. घरात सुकटीचा कितीही वास असला तरी रम लपत नाही. तिला तो आला असणार. ती दोन क्षण खाटेकडं बघत राहिली, मग उठली, चप्पल घातली. या वेळी नाकाला रुमाल लावला नाही.

माझी सून किशोरी आतून सगळं ऐकत होती. "आई, मूठभर दिलं असतं तर काय गेलं असतं तुमचं?"

"माजा राग गेला असता."

बाईंच्या घरात बत्तीस वर्षांत मी कधी खोटं बोलले नव्हते. आता 'संपलं' म्हणून बसले होते. ते खरं करणं भाग होतं. मी बरणी ओढली आणि तळापर्यंत सगळी परातीत उपडी केली. मूठभरही ठेवलं नाही. साखर करपवली, अंडी फेटली, पीठ मिसळलं. हात नेहमीचं काम करत होते, फक्त शेवटी नवीन फळं ओतायला बरणीकडं वळायची त्यांची सवय मोडावी लागली.

टिन उचलताना दाऊदभाईंनी वजनावरूनच ओळखलं. "सगळीच बरणी रिकामी केलीस? पुढच्या सालाला काय?"

"पुढचं साल नाय."

त्यांनी फळीवरून टिन भट्टीत सरकवला. मग म्हणाले, "इतका गुस्सा अच्छा नाय, वेणूबाय. टीचरनी काय बिगाडला तुझा?"



तो केक मी नाताळच्या सकाळी आमच्या गल्लीत वाटला. म्हाताऱ्या, पोरं, जाळी विणणारे, सगळ्यांना. दुपारी टिन धुतला. बरणी गरम पाणी आणि सोडा घालून घासली आणि अंगणात फडक्यावर पालथी घातली.

तिसऱ्या दिवशी नेव्हिल आला. एकटाच. केस पिकलेले, अंगानं सुटलेला. वाकून पाया पडला, खुर्ची सोडून जमिनीवर बसला.

"वेणूमाय, केक?"

"संपला, बाबा."

या वेळी ते खरं होतं. तो हसला. "रोशेल आली होती ना? म्हणाली, चहा छान दिला मावशींनी."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलंच नव्हतं.

त्याला भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. बोटं चाटून जेवला. हात धुवायला अंगणात गेला तेव्हा त्याला बरणी दिसली. माझी चिठ्ठी अजून तिच्यावर होती. पाण्यानं शाई पसरली होती, तरी वाचता येत होती. त्यानं बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि लहानपणी घालायचा तसं आत नाक घातलं.

आत सोड्याखेरीज कसलाच वास नव्हता, ते मला ठाऊक होतं. मग त्यानं बरणी होती तशी पालथी ठेवली, आणि काठाला माती लागू नये म्हणून खालचं फडकं नीट सारखं केलं.