कपाटावरची बॅग

नोंदणीवाल्या बाई आल्या तेव्हा लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी वाळत होत्या आणि पुढच्या खोलीतल्या कपाटावर नेहमीप्रमाणे बॅग होती. तपकिरी, पितळी कुलपांची, गिऱ्हाइकाला आत शिरताच दिसेल अशा बेतानं ठेवलेली. घरातली आई दर आठवड्याला स्टुलावर चढून ती पुसून काढी. कपाट पुसायला तिला अनेकदा वेळ होत नसे, पण बॅग चुकत नसे.

घर आणि दुकान एकच होतं. मागे नळ, बंब आणि सिमेंटच्या टाक्या. मध्ये दोऱ्या बांधलेल्या. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, त्याला लागून राहायच्या खोल्या. बाबा पैसे आणि गिऱ्हाईक सांभाळत, मुलगा गठ्ठे पोचवी, सून कपड्यांवर खुणेचे दोरे घाली. खळ, नीळ, पिळणं आणि बारीक इस्त्री हे सगळं ताईकडे. ताई म्हणजे बाबांची थोरली मुलगी. सारी गल्ली मात्र तिला ‘पाहुणी’ म्हणे.

आठ वर्षांपूर्वी नवरा तिला बॅगेसकट दारात सोडून गेला होता. “चार दिवस ठेवून घ्या, मी न्यायला येतो,” असं म्हणाला होता. तो आला नाही. त्यानं दुसऱ्या गावात दुसरीबरोबर बिऱ्हाड थाटल्याची बातमी मात्र आली. त्याआधीच बाबांनी काउंटरवरच्या पहिल्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं, “लेक आलीय चार दिवस राहायला.” मग ते वाक्य मागे घेणं जमलं नाही. ते खरं वाटावं म्हणून बॅग कपाटावर गेली आणि तिथंच राहिली.

गल्लीला अर्थातच सगळं ठाऊक होतं. पण खेळ रंगला होता. समोरचा शिंपी रोज सकाळी कपडे टाकायला येई आणि विचारी, “काय, आहे का अजून पाहुणी? बरं झालं. तिच्या हातची इस्त्री म्हणजे इस्त्री! इतक्यात जाऊ देऊ नका हं.” बाबा हसत. आत टाकीपाशी ताईला ते ऐकू जाई.

नोंदणीवाल्या बाई सरकारी आरोग्य कार्डासाठी घरं मोजत होत्या. ज्यांच्याकडे कार्ड, त्यांचं इस्पितळ, औषध, ऑपरेशन सगळं सरकारच्या खर्चानं.

“घरात कायम राहणारे किती?”

“चार,” बाबा म्हणाले. “आम्ही दोघं, मुलगा आणि सून.”

आत ओली चादर आपटल्याचा आवाज झाला.

“आणि आत कोण?”

“मुलगी. राहायला आलीय.”

बाईंची नजर कपाटावर गेली. बॅग पाहून त्यांचं समाधान झालं. “मग त्यांचं नाव सासरी लागेल. लग्न झालेल्या बाईचं नवऱ्याच्या कार्डावरच असतं.” पुढचं त्या घरोघरी पाठ म्हणाव्या तसं म्हणाल्या, “नवरा नांदवत नसेल तर परित्यक्ता म्हणून वेगळं कार्ड मिळतं. यादी वाचायच्या सभेत घरातल्या मोठ्या माणसानं उठून तसं सांगायचं, शेजारच्या दोघांनी हो म्हणायचं, की झालं.”

“छे, छे! भलतंच काय बोलता बाई?” बाबा घाईनं म्हणाले. “जावई कामासाठी बाहेर असतात. येतील न्यायला.”

आई चहा घेऊन दारात उभी होती. नोंदणीवाल्या बाईंनी चहा घेतला, चार नावं लिहिली आणि त्या शेजारच्या घरात गेल्या.

ताईला दम लागायचा तो त्याच्याही आधीपासून. पुढच्या वर्षभरात तो इतका वाढला, की ओल्या चादरींची बादली उचलली की तिला पायरीवर टेकावं लागे. ती कामच तसं लावून घेई. एक बादली, मग पायरी. पुन्हा एक बादली, पुन्हा पायरी. घरातल्यांना वाटे, वय झालं, अंग जड झालं. एका दुपारी सुनेनं तिला उजेडात पाहिलं.

“ताई, ओठ बघा तुमचे. निळे पडलेत.”

“नीळ लागली असेल गं.”

“ओठांना?”

“पांढरं होतंय का बघत होते,” ताई म्हणाली आणि हसू लागली. त्या हसण्यानंच तिला खोकला आला आणि ती भिंतीला धरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी चादरींचा गठ्ठा इस्पितळात पोचवायला सून स्वतः गेली आणि ताईला बरोबर घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तपासण्या केल्या आणि समोर बसवून सांगितलं, “हृदयाची एक झडप निकामी झालीय. ती बदलावी लागेल. कार्ड आहे ना? मग काही काळजी नाही, सगळं त्यातून होतं.”

“कार्ड नाही,” सून म्हणाली.

“मग आधी ते करा. खासगीत तुम्हाला झेपणार नाही आणि थांबायला यांच्याकडे वेळ नाही.”

संध्याकाळी जेवताना सुनेनं हे सगळं सांगितलं. येत्या रविवारी शाळेच्या सभागृहात यादी वाचायची होती. राहिलेलं नाव घालायची तेवढीच संधी होती.

“दुसरा काही मार्ग बघू,” बाबा म्हणाले.

“दुसरा कुठला, बाबा?” मुलानं विचारलं. “उठून एक वाक्य तर बोलायचंय.”

“एक वाक्य! कुठलं वाक्य ते कळतंय का तुला? भर सभेत सांगू, माझी मुलगी टाकलेली आहे म्हणून?”

ताई दाराशी उभी होती. “सगळ्यांना ठाऊकच आहे, बाबा.”

“त्यांना ठाऊक असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.”

“मग तू सांग ना रे,” आई मुलाला म्हणाली.

मुलानं ताटातल्या घासाकडे पाहिलं. “मी सांगितलं असतं. पण बाबा असताना मी कसा उठू? मोठे ते आहेत.”

बाबांनी काढलेला मार्ग असा होता, की मुलानं जावयाच्या गावी जावं आणि ताईचं नाव त्याच्या कार्डावर घालायची विनंती करावी. मुलगा गेला. जावयानं त्याला ओट्यावरच उभं ठेवलं आणि सांगितलं, “माझ्या कार्डावर माझी बायको आहे.” हा निरोप घरी आला तेव्हा ताई उशांचे अभ्रे घडी करत होती. तिनं घडी मोडू दिली नाही. “तुला जेवायला तरी विचारलं का रे त्यांनी?” एवढंच तिनं भावाला विचारलं.

रविवारी सकाळी बाबांच्या सदऱ्याला इस्त्री तिनंच केली. खुर्चीवर बसून, एक बाही झाली की थोडं थांबून. कॉलर नेहमीसारखी ताठ निघाली.

सभागृह भरलं होतं. नोंदणीवाल्या बाईंनी घरागणिक नावं वाचली. लाँड्रीचं घर आलं, चार नावं वाचून झाली.

“काही राहिलंय?”

बाबा उठले. त्यांनी घसा खाकरला. बाबांनी एकदा मागं पाहिलं. मागच्या रांगेत शिंपी होता, पाववाली मावशी होती, रोजची सगळी गिऱ्हाइकं होती.

“नाही,” ते म्हणाले. “चौघांचं बरोबर आहे.” आणि बसले.

ताई उठली. पुढच्या खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

“माझं राहिलंय.”

“तुम्ही कोण?”

“पाहुणी!” मागून कोणीतरी सवयीनं म्हणालं. दोघंतिघं हसले. मग एकाएकी कोणीच हसेना.

“हो, पाहुणी,” ताई म्हणाली. तिला एका दमात बोलता येत नव्हतं. “नऊ वर्षं आहे. नवऱ्यानं टाकलंय मला... तो दुसरीबरोबर राहतो. मी इथंच राहते, काम इथंच करते... झडप बदलायचीय. मला कार्ड हवंय, बाई. मला जगायचंय.”

नोंदणीवाल्या बाईंनी लेखणी उचलली. “घरातलं मोठं माणूस कोण? त्यांनी सांगायला हवं.”

बाबा आपल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारची आई उठली. गल्लीनं तिचा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला असेल.

“मी आहे की मोठी. कोणी विचारत नाही म्हणून काय झालं?” ती म्हणाली. “माझी मुलगी आहे ही. नवऱ्यानं टाकली, हे खरं आहे. आम्ही घरात घेतली म्हणतो, पण घेतली नाही. बॅग पुसत बसले मी. लिहा बाई.”

“आता शेजारचे दोघं.”

कोणी हललं नाही.

“यांना ओळखणारं कोणी आहे का इथं?”

सभागृहभर ताठ कॉलरी होत्या. चुण्या न पडलेल्या साड्या, दुमडीची रेघ सरळ असलेल्या विजारी. त्यातली बरीचशी इस्त्री त्या खुर्ची धरून उभ्या असलेल्या बाईच्या हातची होती. पण ओळखतो म्हणायचं तर इतकी वर्षं सगळं माहीत होतं हेही म्हणावं लागलं असतं. मग रोजच्या त्या थट्टेचं काय करायचं?

“मग मला नाव घेता येणार नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता पाठ म्हणण्यासारखा राहिला नव्हता.

सून उठून मागच्या रांगेकडे वळली. “शिंपीकाका, अंगातला सदरा कोणाच्या हातचा? रोज म्हणता ना, पाहुणीच्या हातची इस्त्री म्हणजे इस्त्री? आज नाही म्हणणार?”

शिंपी लाल झाला. हळूहळू उठला. “ओळखतो.”

“काय ओळखता?” बाईंनी विचारलं. “नीट सांगा, मला लिहायचंय.”

“की...” शिंप्यानं ताईकडे पाहायचं टाळलं. “की हिला न्यायला कोणी येणार नाही, हे ठाऊक होतं.”

पाववाल्या मावशीनं हात वर केला. “मलाही.” मग तिच्या शेजारणीनं, मग भिंतीकडेच्या म्हाताऱ्यानं, मग अख्ख्या रांगेनं. दोघं पुरेसे होते. पण हात वर येतच राहिले, इतके की नोंदणीवाल्या बाईंनी ते मोजले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि गेल्या वर्षी चहा पिऊन जे लिहिलं नव्हतं ते नाव लिहिलं.

बाबांचा हात वर आला नव्हता.

कार्ड झालं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि या वेळी सुनेऐवजी बाबांना समोर बसवलं. “ऑपरेशन करू. पण खात्री देता येणार नाही. हृदय फार दमलंय. वर्षापूर्वी आला असतात तर मी एवढं बोललोच नसतो.”

जायच्या दिवशी सकाळी ते स्टुलावर चढले आणि बॅग खाली काढली. कुलपं जाम झाली होती, पक्कडीनं उघडावी लागली. बॅग रिकामी होती. बाबांना तो नवा धक्का नव्हता. ताईचे कपडे बंबामागच्या खुंटीवर असतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते काढून आणले तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं, की एकाही कपड्याला कधी इस्त्री झालेली नाही. त्यांनी इस्त्री तापवली. कित्येक वर्षांत त्यांनी ती हातात धरली नव्हती. एका ओढणीच्या कडेला थोडं करपलं. उरलेलं त्यांनी सावकाश केलं, घड्या घातल्या आणि कपडे बॅगेत ठेवले.

गल्लीतून ताई सुनेच्या आधारानं निघाली. मागे बॅग घेऊन बाबा. शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं. सभेला न आलेला दूधवाला सायकल घेऊन समोरून येत होता. त्यानं बॅग पाहिली आणि खुशीत ओरडला, “अरे वा, निघाली का शेवटी पाहुणी?”

बाबांनी बॅग रस्त्यात खाली ठेवली.

“पाहुणी नाही,” ते म्हणाले. आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जाईल एवढा मोठा होता. “मुलगी आहे माझी. नवऱ्यानं टाकलीय तिला आणि मी ते लपवलं. ऑपरेशनला चाललीय.”

दूधवाल्यानं सायकल बाजूला घेतली. बाबांनी बॅग उचलली, दोन पावलं टाकली आणि पुन्हा थांबले.

“परत इथंच येणार आहे,” ते म्हणाले आणि ताई हो म्हणते का, ते बघत राहिले.

ताईनं सुनेचा खांदा धरला. तिला दम लागला होता.