काटेवाल्यांचा आठवडा

रुग्णालयासमोर, बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक निवास चालतो. त्याची वार्षिक विक्री भोजनकक्षात भरते. लोक घरातल्या नको असलेल्या वस्तू देतात, दुसरे लोक त्या बोली लावून नेतात आणि पैसे निवासाला मिळतात. त्या वर्षी टेबलांवर एक शिलाई मशीन, दोन सायकली, खोक्यातून न काढलेला डिनर सेट आणि गरजेपेक्षा जास्त भिंतीवरची घड्याळं होती. शेवटच्या टेबलावर नुसता एक फोटो होता. निळ्या पाण्याच्या तलावाकाठी पांढरी इमारत. खाली चिठ्ठी : ‘एक आठवडा, दर वर्षी, कायमचा.’

तो आठवडा काटेवाल्यांचा होता.

काटेवाल्यांनी आयुष्यभर दुकानदारांना वजनकाटे विकले, दुरुस्त करून दिले. काट्याला हात न लावता, नुसत्या दांडीकडे बघून त्यात पासंग, म्हणजे दोन पारड्यांत फरक, आहे की नाही ते सांगत. अशा माणसाला फसवणं अवघड आहे, हे तो आठवडा विकणाऱ्याने लगेच ओळखलं असावं. म्हणून त्याने त्यांना फसवलं नाही. घासाघीस करू दिली. पर्यटन संकुलातल्या एका फ्लॅटचा वर्षातला एक आठवडा, म्हणजे टाइमशेअर, विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात त्यांनी पदरात पाडून घेतला. वर एक सूटकेस फुकट मिळवली. देखभालीचं बिल दर वर्षी येणार, हे कराराच्या मागच्या पानावर छापलेलं होतं. त्यात घासाघीस नव्हती.

सुरुवातीची काही वर्षं ते बायकोला घेऊन गेले. “तिथेही ओटा, तिथेही भांडी आणि तिथेही मीच,” बायको म्हणाली आणि पुढच्या वर्षी तिने सूटकेस माळ्यावर टाकली. बिल मात्र येत राहिलं, आणि दर वर्षी थोडं वाढून.

मग त्यांना कोणीतरी सांगितलं की टाइमशेअर धर्मादाय संस्थेला दान करा, करात सवलत मिळेल. काटेवाल्यांची धाकटी बहीण कर सल्लागार आहे आणि त्या निवासाची बिनपगारी खजिनदारही. ते इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या ऑफिसात गेले.

“पावती फाड,” ते म्हणाले.

“कितीची?”

“घेतला तेवढ्याची. एक पैसा जास्त मागत नाही.”

“दादा, दान दिलेल्या वस्तूला खरेदीचा भाव लागत नाही. आज बाजारात कोणी तिचे किती देईल, तेवढीच सवलत.”

“मग तर वाढलाच असेल भाव. जागा आहे ती.”

“जागा नाही, आठवडा आहे. आणि तो बिल घेऊन येतो. आज ते बिल तू भरतोस. निवासाने आठवडा घेतला की निवास भरणार. आमच्या रात्रपाळीच्या मदतनिसावर जेवढा खर्च होतो, तेवढंच आहे ते. म्हणजे तिला घरी बसवायचं आणि तुझ्या तलावाचं पाणी निळं ठेवायचं.”

“तू माझी बहीण आहेस की कर खातं?”

“इथे सल्लागार, निवासात खजिनदार. बहीण घरी भेटते.”

“मग संध्याकाळी घरी येतो.”

“ये. जेवायला थांब. भाव घरीही हाच राहील.”

काटेवाले उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले. “म्हणजे तुझ्या भावाला गंडवलं, असं म्हणायचंय तुला. तुझी वहिनी म्हणतेच. आता तूही म्हण.”

बहिणीला गाठ कुठे आहे ते तेव्हा कळलं. सवलत हवीच होती, पण त्याहून जास्त एक आकडा हवा होता. दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने, शिक्क्यानिशी : काटेवाल्यांनी जे घेतलं त्याची एवढी किंमत आहे. तो आकडा ती लिहू शकत नव्हती. खोटा होता हे एक. आणि निवासाच्या पावतीवर वस्तूची किंमत कधीच लिहीत नसत. ‘सायकल एक, जुनी’ एवढंच. पुढचं ज्याचं त्याने कर खात्याशी बोलावं.

“एक करू,” ती म्हणाली. “विक्रीत ठेवू. घेणारा तुझ्याकडून थेट स्वतःच्या नावावर करून घेईल, पैसे निवासाला देईल. बोली लागेल तो भाव, मला मान्य. फक्त बिलाचं आधी सांगायचं.”

“सांग की! लपवायचं काय त्यात?” काटेवाल्यांचा चेहरा उजळला. “घातलेल्यातले निम्मे तरी कुठे गेले नाहीत.”

विक्रीच्या दिवशी भोजनकक्ष भरला होता. बोली निवासाचे व्यवस्थापक घेत. त्यांना सगळे कर्णा म्हणत, कारण त्यांना माइक लागत नसे. हातोडीऐवजी ते स्टीलच्या ताटावर चमचा वाजवत. शिलाई मशीन चढाओढीने गेलं. घड्याळंही गेली. मग कर्णांनी फोटो उचलला, तलावाचं वर्णन केलं आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे, बिलाचा आकडा सांगितला.

कोणी हात वर केला नाही.

“सुरुवात तुम्हीच करा, कितीनेही,” कर्णा म्हणाले.

“फुकट दिला तर?” मागून एका औषधविक्रेत्याने विचारलं.

“फुकट परवडायचा नाही तुला,” शेजारचा म्हणाला आणि अख्खा कक्ष हसला.

काटेवाले पहिल्या रांगेत होते. त्यांची मान लाल झाली. बहिणीने कर्णांना खूण केली, फोटो खाली ठेवा. तेवढ्यात पहिल्या रांगेतला हात वर गेला.

“पंचवीस हजार.”

“अहो!” त्यांची बायको कुजबुजली, पण कुजबूज शेवटच्या टेबलापर्यंत गेली. “तो आपलाच आहे!”

“माहीत आहे.”

“मग स्वतःच्याच घराचं भाडं भरताय का?”

कर्णांना बोली ऐकली की थांबता येत नसे. एक वार, दोन वार, तीन वार. ताट वाजलं.

विक्री संपल्यावर स्वयंपाकघरात बहिणीने पावतीपुस्तक उघडलं. काटेवाले धान्याच्या काट्याजवळ स्टुलावर बसले होते. तो काटा त्यांनीच निवासाला दिला होता.

“लिही, आठवड्याची खरेदी,” ते म्हणाले.

“खरेदी कसली? बदल्यात तुला काही मिळालं असतं तर त्याची किंमत या रकमेतून वजा करावी लागली असती. पण जे होतं ते तुझंच होतं. आणि त्याची किंमत किती, ते आत्ता सगळ्यांनी सांगितलं.” तिने लिहून कागद फाडला. “सगळी रक्कम देणगी. पूर्ण सवलत.”

काटेवाल्यांनी पावती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. आकडा होता, सही होती, शिक्का होता.

“म्हणजे माझा माल शून्याचा ठरला म्हणून सवलत पुरी?”

“हो.”

ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. हसू ओसरल्यावर त्यांनी काट्याच्या रिकाम्या पारड्यावर बोट ठेवलं. “भांड्यासकट वजन केलं मी. रिकाम्या भांड्याचं वजा करायचं राहिलं. कालच दुकान उघडलेला माणूसही ही चूक करत नाही.”

“सूटकेस मात्र चांगली आहे हो,” बायको म्हणाली. तिला जे म्हणायचं होतं ते एवढ्यावर भागलं.

“आता पुढचं,” बहीण म्हणाली. “संकुलवाले आठवडा परत घेतात. दोन वर्षांचं बिल आगाऊ भरायचं, सही करायची, सुटायचं. पुढे तुझ्या मुलीच्या गळ्यातही पडणार नाही. हे तू विचारलंच नसशील.”

विचारलं नव्हतं. परत घ्या म्हणायचं, तर चुकलं म्हणावं लागलं असतं.

“मी बोलतो त्यांच्याशी,” काटेवाले म्हणाले.

“यात घासाघीस चालत नाही, दादा.”

“बघू या.”

त्यांनी ते दीड वर्षाच्या बिलावर आणलं. बहिणीने स्वतः करार तपासला आणि मान्य केलं की हे आपल्याला जमलं नसतं. त्या वर्षाचं बिल मात्र आधीच भरलेलं होतं, म्हणून एक शेवटचा आठवडा शिल्लक राहिला. काटेवाल्यांनी तो रात्रपाळीच्या मदतनिसाला दिला. तिच्या आईने मोठा तलाव कधी पाहिला नव्हता.

“याची पावती?” त्यांनी सवयीने विचारलं.

“मिळणार नाही. तू मालकी दिली नाहीस, नुसता वापर दिलास. त्याला सवलत नाही. कर खात्याच्या लेखी तू तिला काहीच दिलेलं नाहीस.”

“मग ती सूटकेसही जाऊ दे तिच्याबरोबर,” बायको म्हणाली. “‘काहीच नाही’ द्यायचं, तर नीट भरून देऊ.”

मदतनीस आईला घेऊन निघाली त्या सकाळी काटेवाले निवासात हजर होते. बसमध्ये सामानाला वजनाची मर्यादा होती. त्यांनी तिला सूटकेस रिकामी करायला लावली, धान्याच्या काट्यावर ठेवली आणि आकडा मोठ्याने वाचला. मग म्हणाले, “आता भर.”