माझा दिवा लागला तेव्हा

मी टेस्टर बोलतोय. पिवळ्या मुठीचा, काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छत्तीस वर्षं काढलेला. माझ्या पोटात गव्हाच्या दाण्याएवढा दिवा आहे. वायरीत वीज असेल तर तो लागतो. याउपर मला काही येत नाही, आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही.

काका वायरमन. काम सुरू करण्याआधी ते मला एखाद्या चालू सॉकेटात घालून बघत आणि मी लागलो तरच कामाच्या वायरीला टेकवत. रोज उठून तीच परीक्षा! मला राग यायचा. पुढे कळलं, बिघडलेला टेस्टरही गप्पच असतो.

काका निवृत्त झाले आणि मी स्वयंपाकघराच्या खणात आलो. तिथे डब्यांची झाकणं उचकटायची. काकूंनी तर एकदा माझ्यानं रंग ढवळला. मुकाट्यानं सोसलं.

काकू कपडे शिवतात. यंदा त्या काळं कापड परत पाठवू लागल्या. काळ्यावर काळी टीप दिसेना, पण विचारलं की वेळ नाही म्हणायच्या. काकांनी ओळखलं. मशीनच्या वर भिंतीवर दिवा बसवायचा आणि वीज शेजारच्या सॉकेटातून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. सॉकेटाची वायर इस्त्रीचा भार सोसणारी, दिव्याची बारीक, म्हणून मध्ये छोटा फ्यूज हवा, हे त्यांनी काकूंना दोनदा समजावलं. काकू हो हो म्हणत राहिल्या.

दुपारी काकांनी बोर्डावरचं एक बटण खाली पाडलं. खोलीतली ट्यूब विझली. सॉकेट उघडून त्यांनी पक्कड उचलली.

"अहो, टेस्टर?" काकू म्हणाल्या.

"ट्यूब विझलीय की. दिसत नाही का?"

"मला जन्मभर ऐकवलंत, टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून. आता तुम्हीच लावा."

काका कुरकुरत उठले. मला खणातून काढून त्यांनी शेजारच्या खोलीत नेहमीची परीक्षा घेतली आणि मग उघड्या वायरीला टेकवलं.

मी लागलो.

दिवा बसवायचा म्हणून त्यांनी सवयीनं दिव्यांचं बटण पाडलं होतं. या खोलीतल्या सॉकेटांचं बटण वेगळं, आणि ते चालूच होतं. काका स्टुलावर बसले. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला, आणि चक्क टोमणा मारला नाही.

मग सॉकेटांचं बटण पाडलं गेलं. मी गप्प. शेजारच्या खोलीत पुन्हा लागलो, म्हणजे माझं गप्प राहणं खरं होतं. फ्यूज बसला, अर्थिंगची वायर जोडली, संध्याकाळपर्यंत दिवा लागला. काकूंनी काळा दोरा एका दमात सुईत ओवला आणि काकांकडे पाहिलं. त्या दोघांना तसं बघून मला फार बरं वाटलं.

आता मी मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी असतो. झाकणं उचकटायला काकू मला कुणालाही देत नाहीत. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्यालाही जरा जपा. कौतुक भिंतीवरच्या दिव्याचं होतं, ते होऊ दे. त्या दुपारी माझा एवढासा दिवा लागला आणि काकांचा हात थांबला. मला तेवढं पुरे आहे.