पाच नंबरचा कप

कॉफी चाखायची तर आधी आवाज करायला शिकावं लागतं. चमचा ओठांना टेकवायचा आणि इतक्या जोरात ओढायचा की कॉफीचा फवारा होऊन तो एकाच वेळी टाळूला, जिभेच्या कडांना आणि नाकाच्या मागच्या बाजूला पोचला पाहिजे. लहानपणी ज्या आवाजासाठी आईचा धपाटा बसायचा, त्याच आवाजावर आता माझी नोकरी चालते. आईला हे अजून पटलेलं नाही. "रसायनशास्त्र शिकवलं ते सुर्र करायला?" असं ती पाहुण्यांसमोर विचारते.

आमचं दुकान स्वतः कॉफी भाजत नाही. कोणी गॅरेजमध्ये एक ड्रम टाकून बसलेला, कोणी बँकेतली नोकरी सोडून आलेली, असे छोटे छोटे भाजणारे आपापल्या बिया आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्या चाखतो आणि ज्या आवडतील त्या दुकानातल्या लाकडी फळीवर मांडतो. फळी मुद्दामच लहान ठेवली आहे. दुकान चालवणाऱ्या बाई म्हणतात, "फळी मोठी केली की जीभ आळशी होते."

या फळीवर माझ्या बाबांची कॉफी होती. मी इथे लागण्याच्या कितीतरी आधीपासून. बाबांची भट्टी दोन गावं सोडून आहे आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा, ते सांगत असत, "शहरात फळीवर आहे आपली." दर वर्षी फळी रिकामी करून सगळ्यांची नव्याने परीक्षा होते. यंदा त्या टेबलावर पहिल्यांदाच मी बसणार होते.

"मी नको बसायला," मी बाईंना म्हटलं होतं. "बाबांचा कप असणार."

"कपावर नाव नसतं," बाई म्हणाल्या. "तुला कुठला ते कळणार आहे का?"

मला कळणारच होतं, पण हे मी बोलले नाही. हातात पुरावा नसताना दावा करू नये, असं प्रयोगशाळेत शिकवलं होतं. निदान जिभेची ओळख पुसट व्हावी म्हणून नोकरी लागल्यापासून मी बाबांची कॉफी प्यायचंच सोडलं होतं. ते डबा पाठवू का विचारायचे, मी नको म्हणायचे. त्यांना वाटलं, पोरगी शहरात जाऊन मोठी झाली.

सकाळी टेबलावर कप मांडले. नाव लिहिलेली पट्टी प्रत्येक कपाच्या बुडाला चिकटवलेली, वर फक्त आकडा, तोही कपांची सरमिसळ केल्यावर टाकलेला. चाखणारे तिघं: बाई, मी आणि कॉफीचं यंत्र सांभाळणारा दादा. दिवसभर तो त्या यंत्रापाशी ढगात उभा असल्यासारखा दिसतो, म्हणून सगळे त्याला वाफदादा म्हणतात. दळलेल्या पुडीवर त्याने उकळतं पाणी ओतलं, वर जाडसर साय धरली, आणि आम्ही एकेका कपावर वाकून चमच्याच्या पाठीने ती साय मोडू लागलो. पहिला वास तेव्हाच येतो.

पाचव्या कपाची साय मोडली आणि मी घरी पोचले.

शब्दशः तसंच झालं. बाबा भाजताना थर्मामीटरकडे बघत नाहीत. बिया फुटायला लागल्या की तडतड आवाज येतो. तो विरळ होत जातो. इथे बहुतेक जण झाकण उघडतात. बाबा उघडत नाहीत. डोळे मिटून उभे राहतात, आणखी थोडं थांबतात, मग एकदा खाकरतात आणि उघडतात. त्या थांबण्यामुळे त्यांच्या कॉफीला शेवटी साखर करपता करपता वाचल्यासारखी चव येते. कॉलेजात असताना मी त्यांच्याशी यावर हिरिरीने भांडायचे. त्या थांबण्यात फळाचा आंबटपणा जळून जातो, हे मी त्यांना तापमानाची रेषा काढून दाखवलं होतं. "इथे, या बिंदूला उघडा," असं लाल पेनाने लिहूनही दिलं होतं. बाबा म्हणाले होते, "शास्त्रज्ञबाई, बी आवाज देते, रेषा देत नाही."

पाच नंबरमध्ये ते थांबणं होतं. खाकरणंसुद्धा असावं.

पहिल्या फेरीत आम्ही न बोलता गुण लिहिले. बहुतेक जागा ठरल्या. शेवटच्या जागेवर दोन कप अडकले, तीन आणि पाच. गुण अगदी बरोबरीचे.

"आता गार झाल्यावर," बाई म्हणाल्या. आमच्याकडे रीत अशी की बरोबरी झाली तर कप गार होऊ द्यायचे, पुन्हा चाखायचे आणि मग तोंडाने सांगायचं. सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलायचं, बाईंनी शेवटी. नाहीतर सगळे बाईंच्या सुरात सूर मिसळतात.

म्हणजे आधी मी.

तीन नंबर सुरेख होता. संत्र्याच्या सालीसारखा उजळ, मग मध, मग काहीच नाही. पाटी स्वच्छ पुसल्यासारखा. पाच नंबर गार झाल्यावर जरा जड वाटत होता, पण घोट संपल्यावरही तो संपत नव्हता. मला पाच आवडत होता. मला तो आवडतो आहे की माझ्या बालपणाला, हे कसं ठरवायचं? आणि मी तीन म्हटलं, तर ते तीन चांगला म्हणून की पक्षपात नको म्हणून? मी स्वतःलाच उपकरण समजून तपासू पाहत होते, आणि तपासणारं उपकरणही तेच होतं.

"दादा," मी म्हटलं, "या दोन कॉफींचे मिळून तीन कप लाव ना. दोन सारखे, एक वेगळा. माझ्या पाठीमागे."

"तुझी परीक्षा चाललीय की कॉफीची?" तो कुरकुरला, पण त्याने लावले. मी वेगळा कप ओळखला. पुन्हा लावले, पुन्हा ओळखला.

"फरक तर झक्क कळतोय तुला," दादा म्हणाला.

"फरक कळतोय. प्रश्न तो नाहीये."

"मग कोणता आहे?"

बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, म्हणजे नक्कीच मनात बघत होत्या. शेवटी मी एक हिशोब केला. मला पाच जेवढा आवडतोय, त्यातून मुलगी असण्याचा भाग वजा करायचा. तो भाग किती, हे माहीत नाही; पण तो शून्य नाही. आणि दोघांचे गुण बरोबरीचे आहेत. म्हणजे वजाबाकीनंतर पाच मागे पडणारच.

"तीन," मी म्हटलं.

"पाच," दादा लगेच म्हणाला. "शंभर टक्के पाच. तीन म्हणजे इस्त्रीचा शर्ट आहे नुसता."

बाईंनी दोन्ही कप पुन्हा ओढले. "तीन," त्या म्हणाल्या. "अगदी केसभर."

मी माझ्या बाबांना फळीवरून खाली उतरवलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण त्याच्या आत कुठेतरी, खरं सांगते, थोडा अभिमानही होता. बघा, किती निःपक्षपाती. बाईंनी कप रिकामे करून उलटे केले आणि पट्ट्या वाचल्या.

तीन नंबर बाबांचा होता.

पाच नंबर आत्याचा.

"अगं, अभिनंदन," बाई म्हणाल्या. "तुझेच बाबा राहिले की. चेहरा का असा झालाय?"

"पट्ट्या बदलल्या असतील," मी म्हटलं.

"मी लावल्या आहेत," बाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोघं एकाच ड्रमवर शिकले. पुढे तिने नदीपलीकडे स्वतःची भट्टी टाकली. भांडण वगैरे काही नाही. सणावाराला येणं-जाणं, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणं सगळं व्यवस्थित. फक्त एक आहे. बाबा आत्याकडे गेले की चहा मागतात. आत्या आमच्याकडे आली की चहा मागते. दोन भट्ट्यांमधली सगळी माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या घरी चहा पीत आली आहेत. मीसुद्धा. आत्याच्या कॉफीची चव मला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

पण मग बाबांच्या कॉफीतून बाबा कुठे गेले होते?

मी मागच्या अंगणात जाऊन त्यांना फोन लावला.

"राहिली का गं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"राहिली. बाबा, तुम्ही यंदा काय वेगळं केलंत?"

फोनवर त्यांचं हसू ऐकू आलं. "ओळखलंस ना? तुझ्या रेषेवर भाजली. तो कागद होता अजून, त्या लाल बिंदूला झाकण उघडलं. म्हटलं, त्या टेबलावर पोरगी बसणार. उगाच सगळ्यांसमोर तिला बापाची करपट कॉफी प्यायला लावून मान खाली घालायला नको."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "छान झाली होती" असं म्हटलं.

आत येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. पाच बाबांचा समजून मी त्याच्या विरोधात गेले आणि त्यामुळे बाबा जिंकले, हे वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. वाफदादाला तर ते तिसऱ्यांदाही कळलं नाही.

"म्हणजे तू कपाला मत दिलंच नाहीस," बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग कोणाला दिलंस?"

"माहीत नाही."

बाईंनी ओठ दुमडले. रागावल्या की त्या हळू बोलतात. "उद्या सुट्टी आहे. परवा मला सांग, तुझं मत ठेवायचं की काढायचं. काढलं तर एकास एक. मग बघू काय ते." आणि दोन्ही पुड्यांतल्या उरलेल्या बिया त्यांनी माझ्या हातात दिल्या. "ने. डोकं बाजूला ठेव आणि पी."

मी त्या घेऊन घरी गेले. बाबा भट्टीपाशी पोती रचत होते. भिंतीवर माझा जुना कागद लावलेला होता, पिवळा पडलेला, लाल बिंदूपाशी बोटांच्या डागांनी काळवंडलेला. मी काही न सांगता दोन कप बनवले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

"परीक्षा?" बाबा म्हणाले.

"कोणाची ते नका विचारू. सांगा फक्त."

त्यांनी आधी तीन घेतला. मान हलवली. "शिकलेल्या माणसाची दिसतेय. स्वच्छ. नाव ठेवायला जागा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण दुसरा कप मागावासा नाही वाटत." मग पाच घेतला. एक घोट, दुसरा, आणि तिसरा घेताना ते खुर्चीत मागे टेकून बसले.

"ही आपली," ते म्हणाले. "ही मागच्या वर्षीची ना? कुठे सापडली?"

मी सांगितलं. सरळ, एका दमात, कोणती कोणाची ते.

बाबांनी कप खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, जणू त्यात काही बदललंय का ते बघायला.

"झाकण उघडायच्या आधी खाकरते का गं ती?"

"मी कधी बघितलं नाही. आपण तिच्याकडे चहा पितो."

"हो," बाबा म्हणाले. "ते एक आहेच." मग त्यांनी पाच नंबरचा कप पूर्ण संपवला. बुडाचा गाळसुद्धा ठेवला नाही. "तुझ्या बाईंना कळव. आमची काढा म्हणावं. पाच ठेवा."

"आत्याची आहे म्हणून?"

"माझी आहे म्हणून."

मला हे बरोबर वाटलं की चूक, ते मला अजून सांगता येत नाही. बाईंना मी तिथूनच फोन केला. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ लावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. त्या वर्षी फळीवर आत्या बसली, आणि मीटरवाला आला तेव्हा बाबा नुसतंच "या" म्हणाले.

पण त्या दिवशी फोन ठेवून मी वळले, तर बाबांनी ड्रम पेटवला होता. बिया आत फिरत होत्या. थोड्या वेळाने तडतड सुरू झाली, वाढली, मग विरळ होत चालली. मी थर्मामीटरच्या काट्याकडे बघितलं. काटा लाल बिंदूच्या तापमानावर आला. बाबांचा हात झाकणाच्या मुठीवर होता, पण डोळे मिटलेले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"सांग," ते म्हणाले.

काटा पुढे सरकत होता आणि मी उरलीसुरली तडतड ऐकत होते. मग मला जाणवलं की मी खाकरले आहे.

बाबांनी झाकण उघडलं.