वरीलप्रमाणे

आमच्यात त्याला सगळे ‘हिरो’ म्हणायचे. चेष्टेनंच. झुरळ दिसलं तरी हा बाबा दोन पावलं मागं सरायचा. बावीस वर्षं लिफ्टच्या कामात झिजल्यावर माझ्या गळ्यात असला जोडीदार पडावा, हे माझं नशीब.

दर महिन्याला प्रत्येक लिफ्टचा तपासणी तक्ता भरायचा असतो. चौदा ओळी, खाली दोघांच्या सह्या. मी पहिल्या ओळीत ‘ठीक’ लिहायचो आणि खालच्या तेराही ओळींत ‘वरीलप्रमाणे’. तेही तपासणीआधीच, चहा पिता पिता. सहीसुद्धा तेव्हाच ठोकायचो. कंटाळा, दुसरं काय!

त्या दिवशी एका आठ मजली दवाखान्याची पाळी होती. हिरो मशीनरूममधून उतरला तो घामाघूम. त्यानं नववी ओळ खोडून लिहिलं, ‘ब्रेकचं लायनर झिजलं आहे. ठीक नाही.’ मला न विचारता तक्ता ऑफिसात देऊनही आला.

खालच्या पाच ओळी त्याच्या ध्यानातच आल्या नाहीत. दिवा, पंखा, घंटी, दार, दोर, सगळं वरीलप्रमाणे. म्हणजे सगळंच ठीक नाही! संध्याकाळी लिफ्टला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना समोर उभं केलं.

“काय रे, पंखासुद्धा ठीक नाही? लायनर यायला दोन महिने लागतील. तोवर लिफ्ट बंद ठेवली तर दवाखान्याचं काम हातचं जाईल. नवं पान भरा.” मग हिरोकडे बघून म्हणाले, “नऊ वर्षांनी या महिन्यात कायम होतोयस ना? शहाण्यासारखा वाग.”

हिरो दोनदा लघवीला जाऊन आला.

“साहेब, दिवा, पंखा ठीक लिहितो. ब्रेकचं नाही लिहिणार.”

“का?”

“भीती वाटते, साहेब.”

मी त्याला कोपरानं ढोसलं. “अरे, लिहून टाक बाबा. सगळेच लिहितात.”

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. मी उचललं. शेजारच्या टेबलावरच्याची दुसरी सही घेतली आणि दुपारी लिफ्ट सुरू झाली. हिरोला एक तारखेपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

लायनर अजून तेच आहे, आणि लिफ्टला काही झालेलं नाही. ऑफिसात म्हणतात, उगाच हिरोगिरी करायला गेला. मी मान डोलावतो. मला शरम वाटते, आणि आता त्या शरमेचाही कंटाळा आलाय.

गेल्या आठवड्यात तो बसस्टॉपवर दिसला, बायकोबरोबर. तोंड चुकवायला जागाच नव्हती. एका गोदामात राखणीला बसतो म्हणाला. उभ्या उभ्या माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. साहेबांबद्दल चकार शब्द काढला नाही. मग जरा जवळ येऊन विचारलं, “दादा, ते लायनर बदललं का हो?”

“बदललं,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. बायकोकडे वळून म्हणाला, “बघ, मी म्हणत नव्हतो? बदललं त्यांनी.”

“मग काही हरकत नाही,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “नोकरी गेली ती फुकट तरी नाही गेली. हो ना, भाऊजी?”

मी त्यालाही हो म्हणालो.