पश्चिमेच्या वाऱ्याचा आकडा

आशिष बाटली भरायला बाहेर गेला, तशी ज्ञानदानं त्याचा लॅपटॉप आपल्याकडे फिरवला आणि प्लॉटच्या परिसराचा नकाशा उघडला. दुसऱ्याच्या पानात डोकावणं तिला शोभत नव्हतं, हे तिला कळत होतं. पण बारा मजल्यांच्या आराखड्यावर सही तिची होणार होती आणि त्या बारा मजल्यांवर माणसं राहायला येणार होती.

इमारतीवर वाऱ्याचा किती जोर येईल, हे सांगणारं मॉडेल आशिषनं तयार केलं होतं. शेकडो इमारतींवरच्या वाऱ्याच्या चाचण्यांचे आकडे चारून त्यानं यंत्राला शिकवलं होतं. नवी इमारत आणि तिचा शेजार दाखवला, की ते आकडा सांगायचं. तीन दिशांचे आकडे सरळ आले होते. पश्चिमेचा मात्र निम्म्यावर. सोलापुरात आषाढात दारं आपटतात ती पश्चिमेच्याच वाऱ्यानं, आणि यंत्र म्हणत होतं, झुळूक!

जोर कमी म्हणजे लोखंड कमी, आणि लोखंड कमी म्हणजे बिल्डर अनिलकुमार खूश. गेल्याच आठवड्यात नवी पेठेत आशिष अनिलकुमारच्या गाडीतून उतरताना तिनं पाहिला होता. तेव्हापासून त्याचा साधा नमस्कारही तिला तुपात घोळवलेला वाटायचा. पाणी कुठंतरी मुरत होतं, एवढं नक्की.

आणि आता ते सापडलं. प्लॉटच्या पश्चिमेला नुसतं मोकळं मैदान होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. नकाशात मात्र तिथं तीन उंच, जाडजूड इमारती वारा अडवून उभ्या होत्या.

आशिष आत आला.

"या इमारती कुणी बांधल्या?" तिनं विचारलं. आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावरच्या सीनियर इंजिनिअर सतीशनं मान वर केली.

"कुटल्या, मॅडम?"

"कुंभारीहून रोज त्याच मैदानावरून येतोस ना तू? अनिलकुमारच्या गाडीत काय ठरलं, तेही सांगून टाक. उद्यापासून यायची गरज नाही."

आशिषचा चेहरा उतरला. सतीश उठून उभा राहिला.

"मॅडम, गाडीत मी पण होतो. साइट बघून परत येत होतो आम्ही दोघं. मी पुढं बसलो होतो."

सतीश पुढं बसलेला तिला दिसला कसा नव्हता?

आशिष खुर्चीवर बसला आणि त्यानं नकाशा मोठा केला. मग ज्या ड्रोनच्या फोटोंवरून तो नकाशा तयार झाला होता, त्यांची तारीख उघडली. जानेवारी, संक्रांतीचा आठवडा.

"गड्ड्याची जत्रा हाय ही," तो हळूच म्हणाला. "पाळणं हायत, मॅडम. ड्रोननं वरनं उंची घेतली, अन् सॉफ्टवेअरनं खालपतुर भिंत धरली. माझंच चुकलं. मी बघायला पायजे हुतं."

ज्ञानदानं वाकून पाहिलं. मधला तो मोठा आकाशपाळणा. त्यातच बसून यंदा लेकीपेक्षा ती जास्त ओरडली होती. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. लाज मात्र वाटली, अगदी कानापर्यंत.

आशिषनं तिन्ही पाळणे नकाशातून काढले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पश्चिमेचा आकडा चांगलाच वर गेला. इमारतीला आता लागेल तेवढं लोखंड मिळणार होतं.

"आशिष, मघाशी मी जे बोलले..."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम." त्यानं लॅपटॉप उचलला आणि सतीशच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हा आकडा सतीशसरांकडनं तपासून घ्या. म्हंजे तुमाला बरं वाटंल."