पुंजाबाबांची सावड

माझ्या मालकांची, म्हणजे पुंजाबाबांची, एक बाजू लुळी पडली, तेव्हा मुलगा योगेशने नाशिकरोडला एक केअर सेंटर शोधलं. महिन्याला तीस हजार, डायपर वेगळे. भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते. बहुतेक पहिलं बिल यायच्या आधी काढलेले.

"आई, तिथं दर दोन तासांनी कूस बदलतात," योगेश म्हणाला.

"मग आपला शहरातला फ्लॅट विका, आपणही तिथंच राहायला जाऊ!" सून उज्वला म्हणाली.

कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि माझ्या एकटीच्यानं ते वळत नव्हते. म्हणून मी ज्येष्ठ नागरिक संघात गेले. अध्यक्षांनी शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. माणूस तेवढा दिला नाही.

शेवटी शेजारच्या मळ्यातली नवसाबाई मला म्हणाली, "अगं लंके, शेवंती खुडायला आपण सावड करतो ना? आज माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं. तशीच दाजींची करू."

आता बाया पाळीपाळीनं येऊन मालकांना वळवतात आणि त्यांच्या खुडणीला मी जाते. सहा महिने झाले, पाठीवर ओरखडा नाही.

योगेश पाहुण्यांना सांगतो, "बाबांना आम्ही घरीच सांभाळतो."

एवढं सांगूनच बिचारा दमतो.